विहीणबाईंना, डाव्या डोळ्याबाबत

राजापूर, २ ऑगस्ट

सौ. विहीणबाई हौसाताई यांस,

राजापूरहून सगुणाचा नमस्कार. व्याह्यांनाही सांगा, या पावसात त्यांचा गुडघा छळत नसेल अशी आशा करते. चि. शुभंकर आणि आमची सानिका यांना आशीर्वाद, नातीला एक पापा. इकडे आम्ही ठीक आहोत, म्हणजे आमचे 'हे' ठीक आहेत आणि मी भांडते आहे. फोन सोडून पत्र का, असं तुमच्या मनात येईल. तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो आणि अलोऱ्याच्या कॉलनीतल्या भिंती पातळ आहेत (राग मानू नका, सानिकाने काही सांगितलेलं नाही, मीच अनुभवलंय). डावा डोळा रुमालाने बांधून लिहिते आहे, तेव्हा ओळी वर चढल्या तर सांभाळून घ्या.

एप्रिलच्या सुरुवातीला रत्नागिरीत माझ्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला हे तुम्हाला ठाऊक आहेच. दवाखाना मोठा, गारेगार, दारं आपोआप उघडणारी. आत नवीन भिंग बसवलं. पट्टी निघाल्यावर डॉक्टरांनी विचारलं, कसं दिसतंय? म्हटलं, छान, पण तुमच्या शेजारचे हे दुसरे डॉक्टर कोण? ते हसले. (शेजारी कोणी नव्हतं.) म्हणाले, आठवड्यात जाईल. आठवड्याने गेले तर म्हणाले, महिन्यात जाईल. महिन्याने म्हणाले, आजी, सवय होईल. विहीणबाई, आमचे हे बत्तीस वर्षं जहाजावर होते. न दिसणाऱ्या नवऱ्याची सवय मी करून घेतली, तेवढी पुरे झाली. आता दिसणाऱ्या जास्तीच्या माणसांची सवय मी का करू?

पण त्या डोळ्याने माझी जी शोभा केली ती विचारू नका. चहा कपाच्या शेजारी ओतते. हात दाखवून एसटी थांबवली आणि जी नाहीच तिच्या पायरीवर पाय ठेवला; कंडक्टरने दंडाला धरून वर ओढलं म्हणून वाचले. मासे विकणाऱ्या जनीने टोपलीतून बांगडे काढून दिले, मी खूश होऊन म्हटलं, आज सहा दिलेस गं, मन मोठं आहे तुझं. "काकी, तीनच हायत," ती म्हणाली, "तुला सहा कुठनं दिसले?" बाजारभर हशा. (त्या दिवशी तिने चौथा बांगडा वर टाकला, दया म्हणून. तो मी परत केला.)

मग दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी यंत्रात हनुवटी ठेवायला लावून बराच वेळ बघितलं आणि सांगितलं, भिंग जागेवरून सरकलंय, अजूनही नीट करता येईल. तसं लिहूनही दिलं. तो कागद घेऊन मी पहिल्या दवाखान्यात गेले, तर तिथल्या मॅनेजरने माझ्यासाठी सरबत मागवलं. (न मागता सरबत आलं की समजावं, कुठेतरी सही करायची आहे.) कागदावर लिहिलं होतं की माझी काही तक्रार नाही, आणि त्याबदल्यात ते उजव्या डोळ्याचं ऑपरेशन फुकट करून देतील. ज्या शिंप्याने एक बाही उलटी लावली, त्याच्याकडे दुसरी बाही केवळ फुकट म्हणून न्यायची? मी सरबत प्यायले आणि सही केली नाही. आमचे हे म्हणतात, मोठ्या लोकांशी वैर कशाला, जाऊ दे. त्यांचा जन्म कॅप्टनला 'येस सर' म्हणण्यात गेला, माझा नाही.

कोर्टाच्या आवारात मोफत कायदेशीर सल्ला मिळतो. तिथे तेजस्वी नावाची वकील मुलगी भेटली, वयाने सानिकाएवढी. ती म्हणाली, काकी, तुम्ही पैसे भरलेत, पावती आहे, म्हणजे तुम्ही ग्राहक. दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगात तक्रार करता येते, आपली बाजू आपण स्वतः मांडू शकतो, मेडिकल कौन्सिलकडे जायचा रस्ता आणखी वेगळा. आणि लेखी मागितलं की दवाखान्याला बहात्तर तासांत केसपेपर द्यावे लागतात. मी अर्ज दिला. एकाहत्तराव्या तासाला त्यांच्या बाकावर पोळीभाजीचा डबा उघडून बसले. कागद मिळाले! फक्त भिंगाचं स्टिकर चिकटवायची चौकट कोरी. स्टिकर पेशंटला दिलंय, म्हणाले. तेजस्वीने समजावलं की भिंगच सदोष होतं की बसवणाऱ्याचा हात चुकला, हे शोधायचं तर त्या स्टिकरवरचा नंबर हवाच. आहे ना तुमच्याकडे? म्हटलं, आहे म्हणजे? देव्हाऱ्यात ठेवलंय! वीस तारखेला तक्रार दाखल करतो आहोत. भरपाई मिळेल ती मिळो. चूक झाली एवढं त्यांनी लिहून द्यावं आणि माझा डोळा नीट करावा. तोवर मी त्यांना सोडत नाही.

लिहिण्यात काही वावगं गेलं असेल तर बांधलेल्या डोळ्यावर ढकला.

तुमची,
सगुणा

ता. क. स्टिकर देव्हाऱ्यात नाही. तुमच्याकडे आहे. हंगामाची पहिली आंब्याची पेटी दरवर्षी तुम्हाला येते, आणि ती वाशीच्या गाडीत चढू नये म्हणून तिच्यावर मी काहीतरी खूण करते. यंदा ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी पेट्या भरत होते, खडू सापडेना. दवाखान्याच्या पाकिटात एक चकचकीत स्टिकर दिसलं. मला वाटलं, जाहिरात असेल.

ता. क. २. त्या पेटीत तुम्ही कांदे ठेवता असं सानिका म्हणाली होती. कांदे काढा, पण स्टिकर सोलू नका, फाटेल. फळी उचकटून फळीसकट एसटीच्या पार्सलने पाठवा. फोटो नको, तेजस्वीला मूळच हवं आहे. व्याह्यांकडे दिलेलं परत मागू नये हे मला कळतं. पण मी आंबे मागत नाही, फळी मागते. बंबात घातली असेल तर तसंही खरं कळवा. मी कोरी चौकट घेऊन जाईन, पण जाईन.

ता. क. ३. जूनमध्ये ईशाच्या दुसऱ्या वाढदिवसाला ती "आजी" करत धावत आली आणि मी हात मागे घेतले. तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, या आजीला पोरीचं कौतुकच नाही. तुमच्या पाहुण्यांसमोर डोळा बांधून यायची मला लाज वाटली होती, म्हणून तो उघडाच ठेवला होता. विहीणबाई, माझ्याकडे दोन ईशा धावत येत होत्या. चुकीचीला धरायला गेले असते तर खरी पडली असती.