सही माझी नव्हती

ओकव्हिल, ७ डिसेंबर २००८

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर बोलताना चैत्राली कान देऊन असते, म्हणून हे पत्र.

गणपतीत आम्ही आरतीला गेलो असताना घर फोडलं, आईच्या पाटल्या गेल्या, हे तुला ठाऊकच आहे. पोलिसांनी काय केलं? इन्शुरन्ससाठी यादी करायला सांगितली! तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणून बंदूक घ्यायचं ठरवलं. कोर्स केला, पास झालो, दुकानात जाऊन शॉटगनही पसंत केली. कायदा म्हणतो, ती रिकामी करून कुलपात ठेवा. मग किल्ली सापडेपर्यंत चोराला काय चहा देऊन बसवू? मी पलंगाखालीच ठेवणार.

लायसन्सच्या फॉर्मवर बायकोची सही लागते. बँकेच्या, अनुयाच्या शाळेच्या कागदांवर चैत्रालीची सही मीच ठोकतो, तशी इथेही ठोकली. तर ऑफिसातल्या बाईचा घरी फोन आला आणि हिने खुशाल सांगितलं, सही माझी नव्हती म्हणून! घरभेदीच म्हणायची. लायसन्स तर अडकलंच, वर माझीच चौकशी. आता तूच तिला चार शब्द सुनाव.

भाऊजींना नमस्कार. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
देवेश


नागपूर, २४ डिसेंबर २००८

सौ. चैत्राली हिस,
अ. उ. आ.

देवेशचं पत्र वाचून डोकं उठलं. परक्या बाईपाशी नवऱ्याला खोटं पाडायला जीभ कशी रेटली तुझी? माझ्या सह्या पंचवीस वर्षं आमचे हेच करताहेत, माझं कुठे काही अडलं? माणूस बायकोपोरीसाठी बंदूक घेतो आणि तू त्याचे पाय ओढतेस! चोर काय तुझ्या माहेरचे होते? उद्याच त्या बाईला फोन कर आणि सही माझीच, मी विसरले होते, असं सांग.

मोठी म्हणून बोलले, राग धरू नकोस. अनुयाला गोड पापा.

शुभदा


ओकव्हिल, ११ जानेवारी २००९

ती. वन्सं यांना,
सा. न. वि. वि.

राग धरू नकोस म्हणता, पण मी धरलाय. तुमच्यावर, त्याच्यावर, आणि इतकी वर्षं त्याला माझ्या सह्या करू दिल्या म्हणून माझ्यावरही.

त्याने जे लिहिलं नाही ते लिहिते. चोरीनंतर पंधरा दिवसांनी अनुयाला शाळेत ताप भरला, म्हणून ती भरदुपारी घरी आली आणि गॅरेजच्या दाराने आत शिरली. देवेश त्या दिवशी घरूनच काम करत होता. चोरी झाल्यापासून त्याच्या टेबलाशी क्रिकेटची बॅट असते. खुडबुड ऐकून तो दाराआड उभा राहिला आणि कोण आहे हेही न विचारता त्याने बॅट घातली. पोर बूट काढायला वाकली होती, म्हणून वाचली. इथल्या पोकळ भिंतीला हे एवढं भोक पडलं. दुसऱ्या दिवशी त्याने ते बुजवून वर रंग दिला, आणि त्याच आठवड्यात बंदुकीच्या कोर्सला नाव घातलं.

घरात कुणाला भीती वाटते का, असं त्या बाईने मला विचारलं होतं. मी हो म्हटलं. कुणाची, तेही सांगितलं. मी आता फोनबिन काही करणार नाही.

हे तुम्हाला कळवू नको असं अनुयाने बजावलंय, बाबाला वाईट वाटेल म्हणून. पण तो घरी असला की ती शाळेतून येऊन बर्फात, दाराबाहेरच थांबते. डॅड, इट्स मी, असं दोनदा मोठ्याने सांगते, आणि त्याची ओ आल्याशिवाय आत पाऊल टाकत नाही.

लोभ ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा.

चैत्राली