उजव्या मडगार्डाची फट

पाना बोल्टवर बसला, जोर लावणार तोच फटीकडे नजर गेली आणि हात थांबला. बोनेट आणि उजवे मडगार्ड यांच्यातली फट पुढपासून मागपर्यंत सारखी होती. गाडीत कोणी नव्हते. पाना तिथेच ठेवून मी हे लिहायला बसलो.

मी ताराचंद सुखराम हटवार, वय एकसष्ट, धंदा मोटारींचे डेंटिंग, राहणार साकोली. उद्या पहिल्या बसने छातीच्या ऑपरेशनसाठी नागपूरला जात आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. वरचा मजकूर वाचून कोणी वेगळे समजू नये. मला कोणी हे लिहायला लावलेले नाही. खालची व्यवस्था माझ्या मरणानंतरची आहे. गाडीपुरती ती आजपासून धरावी.

घर आणि शेड पुतण्या इश्वर याला. त्याला आम्ही नवराबायकोने वाढवले. स्वयंपाकघराचे दार खांद्याने ढकलावे लागते. लोकांच्या मोटारींची दारे नीट केली आणि घरचे तसेच राहिले, हे पत्नी शेवटपर्यंत ऐकवत असे.

बँकेतली शिल्लक मेहुणी तुळसा हिला, राहणार आंधळगाव. पत्नीच्या आजारात तिने सगळे केले.

हातोड्या, ठोकळे आणि गॅसचा संच इश्वरला. लाकडी मोगरी समोरचे पेंटर मधुकरराव यांनी मंडपाचे खुंटे ठोकायला नेली आणि कडा फोडून परत आणली. मी घेतली नाही. मी गेल्यावर ते ती पुन्हा घेऊन येतील. तेव्हाही घेऊ नये.

आता गाडी. ही जुनी काळी विलायती गाडी मला १९७१ साली करडीच्या एका गोठ्यात तणसाखाली मिळाली. तिची चासी उजवीकडे खचलेली होती. वेल्डिंग करूनही ते खचणे पूर्ण गेले नाही. रिकाम्या गाडीवर बोनेट बरोबर बसवले, की चालक बसताच त्याचा कोपरा मडगार्डावर चढे आणि रंग उडे. अशा गाडीत वजन ठेवून फट जुळवायची, ही आमची रीत आहे. बहुतेक जण धानाचा कट्टा, म्हणजे भरलेले पोते, ठेवतात. पण कट्टा हलत नाही, माणूस हलतो. म्हणून मी पत्नी देवकाबाईला बसवत असे.

ती स्टिअरिंगमागे बसून सुपातले तांदूळ निवडायची. मी बिजागरी सरकवायचो, मडगार्डाखाली पत्रीचे, म्हणजे पातळ पत्र्याचे, तुकडे घालायचो, बोल्ट कसायचो आणि फटीतून पितळी पट्टी फिरवायचो. ती बसलेली असताना पट्टी कुठे अडकत नसे. ती उतरली की फट मागच्या टोकाला बोटभर फाके. इंजिनाचा एक भाग कधी मिळालाच नाही, त्यामुळे गाडी शेडाबाहेर गेली नाही. "मले रोज गाडीत बसवता, पर माहेरी काही नेत नाही," ती म्हणायची. "आंधळगावची बस बरी. हालते तरी." शेजारी हसायचे. मीही हसायचो.

१९८१ च्या पावसाळ्यात ती वारली. तेव्हापासून फट फाकलेली होती. येणारे जाणारे म्हणत, काम चुकले. मी ती तशीच ठेवली.

या दिवाळीनंतर फट कधीकधी सरळ दिसू लागली. मी शेडाची जमीन तपासली. टायरांतली हवा तपासली. थंडीने पत्रा आकसतो, म्हणून ऊन आल्यावरही पट्टी फिरवून पाहिली. ती अडकली नाही. दार उघडून पाहिले नाही.

इश्वरने नागपूरचे एक गिऱ्हाईक ठरवले आहे. ते लग्नाला गाड्या भाड्याने देतात. इंजिन दुसरे बसवतील, पण त्यांना बोनेट सरळ हवे. "मोठे बाबा, रिकाम्या गाडीले रिकामीच जुळवा," इश्वर म्हणाला. "आता कोन बसून राहिलं तिच्यात?" त्याचे बोलणे खोटे नव्हते. म्हणून आज पाना हातात घेतला. पण रिकाम्या गाडीवर फट जुळवली, तर आत कोणी आहे की नाही, हे मला पुन्हा कधी कळणार नाही.

म्हणून गाडी विकू नये. उजव्या मडगार्डाखालची पत्री काढू नये. मी परतलो नाही, तर गाडी तुळसाने आंधळगावला न्यावी. ट्रकवर चढवताना स्टिअरिंग खिडकीतून हात घालून धरावे. चालकाच्या जागेवर बसू नये, सामानही ठेवू नये.

हे इश्वरला वाचून दाखवले. "नागपूरचा मानूस निंघाला असंल तिकून. आता नाही कसं म्हनू? नुसता पाहून जाईल," तो म्हणाला. मी साक्षीदारांना बोलावले.

साकोली, दिनांक ११ फेब्रुवारी १९८४
(सही) ताराचंद सुखराम हटवार

आमच्या समक्ष सही केली:
१. श्यामराव लांजेवार, सायकल दुकान, साकोली
२. निर्मलाबाई मेश्राम, शेजारी

१२ फेब्रुवारी. साक्षीदार श्यामराव लांजेवार यांची नोंद: ताराचंदजी सकाळी पहिल्या बसने गेले. नंतर इश्वर नागपूरच्या गृहस्थांना शेडात घेऊन आला. मी हजर होतो. गृहस्थांनी बोनेटवरून हात फिरवला, काम चांगले आहे म्हणाले. चालकाच्या बाजूचे दार उघडले, हळूच लावले आणि आमच्याजवळ येऊन उभे राहिले. इश्वर म्हणाला, "काहून जी? बसून पाहा ना." ते म्हणाले, "बाईले उतरू द्या पयले." इश्वरने त्यांना बाहेर नेऊन चहा पाजला आणि गाडी विकायची नाही, असे सांगितले.