कॅल्शियमची बाटली

आई, तू कशाने गेलीस हे मला उद्या दुपारपर्यंत लिहून द्यायचं आहे. विम्याच्या फॉर्मवर त्यासाठी बोटभर जागा ठेवलीय. आई हयात आहे का, नसल्यास मृत्यूच्या वेळचं वय, मृत्यूचं कारण. वय लिहून झालं, कारणापाशी अडकलेय. आज रविवार, क्लासला सुट्टी. सासूबाई देवळात गेल्यात आणि तुझे जावई लेकीला घेऊन तिच्या मैत्रिणीकडे गेलेत. घरात कुणी नाही म्हणून वही घेऊन तुझ्याशी बोलायला बसले. तू गेलीस त्याला बारा वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत मी तुझ्यावर आजच्याइतकी कधी चिडले नव्हते, हे आधीच सांगून ठेवते.

आम्ही घर घेतोय. म्हणजे घ्यायचं ठरवलंय. इथेच जयपुरात, विद्याधर नगरला, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि एक गॅलरी, जिथून पलीकडच्या शाळेचं मैदान दिसतं. कर्ज माझ्या पगारावर आहे, कारण जावयांचं ऑफिस दीड वर्षापूर्वी बंद पडलं आणि तेव्हापासून त्यांना मिळेल ते काम चालू आहे. बँकेतला माणूस म्हणतो, विमा सक्तीचा नाही मॅडम, आपकी मर्ज़ी. पण मीच हटून बसलेय. विमा झाल्याशिवाय मी कर्जाच्या कागदावर सही करणार नाही. उद्या मला काही झालं तर हप्ते कोण भरणार? बँक दाराशी येईल आणि ही तिघं कुठे जातील? हे तुला समजावून सांगायला नको. बाबा गेले तेव्हा मी नववीत होते. कारखान्याचं क्वार्टर रिकामं करताना तू भिंतीतले खिळेसुद्धा पकडीने उपटून घेतलेस. मामाच्या मागच्या खोलीत मामींनी ते ठोकू दिले नाहीत, भिंत खराब होते म्हणाल्या. माझ्या लग्नात दागिने काही नव्हतेच, पण तू तो खिळ्यांचा डबा माझ्या बॅगेत घातलास. म्हणालीस, "स्वतःच्या घरात ठोक." चौदा वर्षं मी जयपुरात भाड्याच्या घरांत राहतेय. डबा उघडलेला नाही.

आता चूक सांगते. विम्याचा पहिला माणूस घरी आला तो संध्याकाळचा. तरुण होता, घाईत होता, मोबाइलवर फॉर्म भरत होता. मी समोर खुर्चीवर, सासूबाई दिवाणावर मटार सोलत बसलेल्या. तो एकेक प्रश्न वाचतोय आणि मी उत्तरं देतेय. सिगरेट? नहीं. ऑपरेशन? एक, बच्ची के टाइम. मग मान वर न करता त्याने विचारलं, "शुगर, बीपी, कुछ?" सासूबाईंचा हात मटारांवर थांबला की मला तसं वाटलं, कोण जाणे. मी म्हणाले, "नहीं." इतकं सहज म्हणाले की मलाच कळलं नाही आपण खोटं बोललो. तो पुढच्या प्रश्नावर गेलासुद्धा.

आणि मी कोण? गोपालपुऱ्यातल्या कोचिंग क्लासमध्ये डॉक्टर व्हायला निघालेल्या दोनशे पोरांना जीवशास्त्र शिकवणारी बाई. दरवर्षी फळ्यावर स्वादुपिंड काढते. तरीही रक्त घ्यायला माणूस येणार म्हटल्यावर चार दिवस काकडी आणि मुगाच्या पाण्यावर राहिले. जणू चार दिवसांच्या उपासाने रक्तात दिसणारी मागच्या तीन महिन्यांची साखर पुसली जाणार होती! वर्गात कुणी असं उत्तर लिहिलं असतं तर मी त्याला सगळ्यांसमोर उभं केलं असतं.

पंधरा दिवसांनी फोन आला. मी कणीक मळत होते, हात बरबटलेले, म्हणून लेकीने फोन स्पीकरवर टाकला आणि खेळायला पळाली. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती. "मैम, आपकी रिपोर्ट में शुगर काफ़ी ज़्यादा आई है और आपने डिक्लेयर नहीं किया था, तो सॉरी, आपका प्रपोज़ल रिजेक्ट हुआ है." सासूबाई देवासमोर वाती वळत होत्या. मग त्यांनी विचारलं, "मतलब, तुला शुगर आहे?" मी हो म्हणाले. "कधीपासून?" लग्नाआधीपासून, म्हणाले. त्यांनी हातातली वात खाली ठेवली. "विहीणबाईंना माहीत होतं?"

मी म्हणाले, "नाही. मी आईलाही सांगितलं नव्हतं."

आई, तुला वाचवायला मी हे बोलले. सांगलीतलं ते स्वयंपाकघर मला लख्ख दिसतंय. मी पंचवीस वर्षांची, हातात लॅबचा कागद. तू कागद वाचतेस, घडी घालतेस आणि चुलीत घालावा तसा गॅसवर धरतेस. मी रडतेय आणि तू म्हणतेस, "रडायला काय झालं? गोळी घ्यायची आणि गप बसायचं. कुणाला सांगायचं नाही. तोंडातून शब्द काढलास तर बघ." पुढच्याच महिन्यात जयपूरच्या मराठी घरातलं स्थळ येणार होतं. तू माझ्याकडे पाठ करून फळीवरची कॅल्शियमची बाटली काढलीस, काहीतरी खुडबुड केलीस आणि साखरेच्या आजारावरच्या गोळ्यांनी भरलेली ती बाटली माझ्या हातात ठेवलीस. पांढऱ्या गोळ्या, पांढऱ्याच्या जागी पांढऱ्या. केवढी हुशारी! त्या दिवशी मला वाटलं, माझी आई कुठल्याही संकटातून वाट काढेल.

साखरपुड्याला सासरची मंडळी जयपूरहून घेवर घेऊन आली होती, पाकाने निथळणारा, ताटाएवढा. तू विहीणबाईंच्या शेजारी बसून त्याचा चतकोर तुकडा खाल्लास आणि वर म्हणालीस, "आमच्याकडे सगळ्यांना गोडाचं भारी वेड." मीही खाल्ला. नंतर तू मागच्या खोलीत आडवी पडलीस. दगदग झाली म्हणालीस. तेव्हापासून दर श्रावणात तीजेच्या सणाला सासूबाई घेवराचा पहिला तुकडा सुनेच्या तोंडात घालतात, इकडच्या रिवाजाप्रमाणे, आणि मी तो खाते आणि आत जाऊन एक गोळी जास्त घेते. जावयांना कळलं ते मला दिवस गेल्यावर, डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा. ते एवढंच म्हणाले, "मला सांगितलं असतंस तर काय झालं असतं?" मग त्यांनीही स्वतःच्या आईला सांगितलं, ही ताकदीची इंजेक्शनं आहेत. बघ, तुझा लपवाछपवीचा कारखाना कसा चालू राहिला.

सासूबाई त्या फोननंतर तीन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी माझ्या चहात साखर न घालता कप समोर ठेवला आणि म्हणाल्या, "मला राग शुगरचा नाही. चौदा वर्षं मी तुला माझ्या हाताने विष खाऊ घातलं, त्याचा आहे." मी तो चहा संपवला.

मग राजा पार्कला एका दुकानाच्या वर बसणाऱ्या वयस्क एजंटकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसत म्हणाले, "बेटा, अब हर फॉर्म पूछेगा कि पहले किसी ने मना किया है क्या. वो दाग़ तो लग गया." मी विचारलं, मिळेल का? "पता नहीं. प्रीमियम बढ़ेगा, मना भी कर सकते हैं. पर इस बार एक भी बात छुपाई तो समझ लो, भरोगी तुम और ज़रूरत के दिन बच्ची को कुछ नहीं मिलेगा." त्यांच्याकडे एकच कंपनी आहे जी माझ्यासारख्यांचा विचार करते. घराचा मालक महिनाअखेरपर्यंत थांबलाय, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. ही कंपनी नाही म्हणाली तर माझ्याकडे दुसरं दार नाही. रस्त्याने येताना मी रिक्षात रडले, तोंडावर ओढणी घेऊन. रिक्षावाला म्हणाला, "दीदी, पानी पी लो."

तर हा तो फॉर्म, आणि त्यात तू. डॉक्टरांनी दिलेल्या दाखल्यावर हृदयविकार आहे, आम्हीही सगळ्यांना हार्ट सांगत आलो. पण एजंट म्हणाले होते एकही गोष्ट लपवायची नाही, म्हणून खात्री करायला मघाशी मावशीला मिरजेला फोन केला. विचारलं, आईला आधीपासून हार्टचा त्रास होता का? मावशीने आधी टीव्ही बंद केला. मग म्हणाली, "आता कशाला उकरतीस ते?" मी फॉर्मचं सांगितलं. तेव्हा बाई बोलती झाली. "हार्ट शेवटी गं. तिला साखर होती. तू शाळेत होतीस तेव्हापास्नं. तुझ्या बाबांनासुद्धा पत्ता नव्हता. पायाच्या बोटाला जखम झालेली आठवतीय का? ती त्याचीच. नंतर, तू जयपूरला गेल्यावर, मूत्रपिंडं गेली." आणि वर मलाच सांगते, "तू हार्टच लिही. कोण बघायला येतंय!"

फोन ठेवल्यावर मी जमिनीवर बसले, आई. कॅल्शियमची बाटली तू फळीवरून काढलीस तेव्हा ती रिकामी करून माझ्या गोळ्या भरल्यास, असं मी चौदा वर्षं समजत होते. तू गोळ्या आणायला बाहेर गेलीच नव्हतीस! दुकान बंद होतं, रविवार होता. त्या बाटलीत गोळ्या होत्याच. तू फक्त तुझी बाटली मला दिलीस. मग पुढचे दिवस तू काय घेतलंस? आणि तो घेवर? तो चतकोर तुकडा तू कसा गिळलास? तुझी जखम दिसत होती आणि मी तुला चप्पल बदल म्हणत होते. जीवशास्त्राची बाई! मला तुझा भयंकर राग येतोय, आणि तू आत्ता समोर असतीस तर मी तुझे पाय मांडीवर घेऊन बसले असते.

मी लिहिलं. कारणाच्या रकान्यात मधुमेह लिहिलं, पुढे मूत्रपिंड, पुढे हृदयविकार. जागा पुरली नाही, समासात लिहिलं. याने माझी बाजू आणखी पडणार, कळतंय मला. मीही तशी, आईही तशी, वर एक नकार. कोण देईल विमा? पण निदान जे देतील ते खरं असेल. सासूबाई देवळातून आल्या की त्यांनाही सांगणार आहे की तुला माहीत होतं. तुझ्या वाटणीचा राग मी ऐकून घेईन.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीये, म्हणून शेवटचंही सांगते. लेक दहा वर्षांची आहे, तू तिला पाहिलं नाहीस. रोज सकाळी तीच मला पाण्याचा पेला आणि ती कॅल्शियमची बाटली आणून देते. विद्याधर नगरच्या त्या घरात कुठली भिंत तिची, हे तिने ठरवून ठेवलंय. आज सकाळी मैत्रिणीकडे निघताना तिने बाटलीचं झाकण उघडलं आणि म्हणाली, "मम्मा, माझे पण पाय दुखतात. मी एक कॅल्शियम घेऊ?" मी बाटली हिसकावून घेतली. ती घाबरली, विचारलं, "क्या हुआ?"

फॉर्म टेबलावर उघडा होता. ज्यांना मी कधी बघणारही नाही त्यांच्यासाठी त्यात माझी सगळी साखर लिहिलेली होती.

मी म्हणाले, "नको गं, तुझी हाडं मजबूत आहेत."