बर्नरचा डोळा

प्रिय ठोंब्या,

आधी हे वाच: तुझा बाप जिवंत आहे. भुवया जळाल्या, अर्धी मिशी गेली. तशीही ती त्याला शोभत नव्हती.

काल बेकरीची भट्टी उडाली. मी पीठ मळत होते. आवाज नंतर आला, आधी छातीतच धक्का बसला. भट्टीचं लोखंडी दार माझ्या कानाजवळून गेलं आणि भिंतीत रुतलं. पिठाच्या धुरळ्यात तुझ्या आईचं तोंड नुसतं हलताना दिसलं, ऐकू काहीच येईना. अजून कानात शिट्टी वाजतेय.

मेकॅनिक येऊन गेला. तो तुझ्या आईला ओरडून सांगत होता, ती मला. डोक्यात शिरलं ते एवढं: पंप तेल ढकलतो, नोझल त्याचं धुकं करतं, ठिणगी पडली की पेटतं. पेटलं की नाही ते बघायला बर्नरला डोळा असतो. जाळ दिसला नाही की तो तेल तोडतो. हल्ली तो सारखा तोडायचा. ठिणगीच्या कांड्यांवर काजळी चढलेली, कधी पेटायचं, कधी नाही. डोळा खरं तेच सांगत होता रे! तुझ्या बापाला वाटलं, डोळाच बिघडलाय. पंप सुरू झाला की हा त्या डोळ्यावर टॉर्च मारायचा. डोळ्याला वाटायचं, पेटलं. काल पेटलंच नव्हतं. तेल तापल्या विटांवर फवारत राहिलं, आत वाफ कोंडली. भट्टी तापेना म्हणून ह्याने बटण परत दाबलं, आणि मेली ठिणगी नेमकी तेव्हा पडली.

ही अक्कल कुणाची, मेकॅनिकने विचारलं. तर हा छाती काढून म्हणतो, आमच्या पोराची! तू सुट्टीत एकदाच टॉर्च मारलास, तोही आत वाकून जाळ बघून. ह्याने टॉर्च तेवढा उचलला, वाकणं सोडलं.

पोराला कळवायचं नाही, असं त्याने तुझ्या आईला बजावलंय. मला बजावलं असेल तर ऐकू आलं नाही. दार वेल्डरकडे गेलंय, परवा बसेल. नव्या कांड्या घे म्हटलं तर म्हणतो, टॉर्च आता जपून मारीन. त्याच्या लेखी मी अडाणी, बायको भित्री, मेकॅनिक लुबाडणारा. शहाणा तू एकटा. फोनवर तो नुसतं हो हो करतो. म्हणून चिठ्ठी तेलाच्या टँकरवाल्याबरोबर धाडतेय, त्याच्याच गाडीत बसून ये. आणि बापाच्या तोंडावर सांग, टॉर्च मारला ते माझंच चुकलं. तुझं चुकलं नव्हतं, मला माहीत आहे. तरी सांग.

तुझीच,
तूर्तास बहिरी आजी