ट्रेलर जोडताना तू उभी राहायचीस ती जागा

प्रिय शैला,

काल मी आपल्या मुक्ताशी लावलेली पैज हरलो. या देशात येऊन आयसेलिनला गॅरेज काढलं तेव्हापासून माणसांचे आणि गाड्यांचे आवाज ओळखून पोट भरलं मी, आणि हरलो कुठे, तर स्वतःचा ट्रेलर स्वतःच्या पिकअपला जोडताना. हे दुसऱ्या कुणाला सांगू? हसतील. तूही हसली असतीस, पण तुझं हसणं मला चालतं.

पत्र लिहायची मला सवय नाही. आयुष्यभर बिलं लिहिली, तीसुद्धा तू वाचून दुरुस्त करायचीस. आत्ता ट्रेलरमधल्या आपल्या जेवायच्या टेबलाशी बसलोय. तुझ्या उपचारांसाठी मुक्ताकडे बेलव्ह्यूला आलो तेव्हा गावाबाहेर ज्या यार्डात हा ठेवला होता, तिथेच आहे अजून. तू गेलीस, मग हिवाळा गेला, छपराच्या कडेला हिरवं शेवाळ धरलं. बाहेर गाडीत बसून मुक्ता ऑफिसची मीटिंग करतेय. मी आत भांडी आवरतोय असा तिचा समज आहे.

झालं असं, की गेल्या आठवड्यात मी तिला म्हटलं, “आता मी निघतो. पलूसला जाऊन येतो.”

या राज्याच्या पूर्वेला नकाशावर हे नाव दिसलं तेव्हा तू चष्मा पुसून पुन्हा बघितलं होतंस, आठवतं? “अहो, माझं माहेर इथं कुणी आणून ठेवलं?” कुठे सांगलीकडचं तुझं पलूस, आणि कुठे इथल्या या गव्हाच्या टेकड्या. पण फोटो बघून तू म्हणालीस, जायचंच. मागच्या जूनमध्ये जाणार होतो. तो जून हॉस्पिटलच्या कॅफेटेरियात गेला.

मुक्ताने विचारलं, “कुणाबरोबर जाणार?”

“एकटा.”

“बाबा, यू कान्ट. जोडायचं अर्धं काम आई करायची.”

“अर्धं कसलं? मागे उभी राहून हात हलवायची.”

असं मी म्हणालो. रागावू नकोस, पुढे ऐक.

मुक्ता शांतपणे म्हणाली, “ओके. एकट्याने जोडून दाखव. मी नुसती बघत उभी राहीन, एक शब्द बोलणार नाही. जमलं तर जा, मी अडवणार नाही. नाही जमलं तर ट्रेलर विकायचा आणि तू आमच्याकडे राहायचंस. पर्मनंटली. डील?”

“डील,” मी म्हटलं. सौदा करायला पोरगी माझ्यावर गेलीय. आधी समोरच्याला बढाई मारू द्यायची आणि मग त्याच बढाईवर सही मागायची, ही माझीच रीत.

त्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरात जावयाशी हळू आवाजात बोलत होती. माझे कान तुला माहीत आहेत. “ट्रेलरचा प्रश्नच नाहीये रे. कुठल्या तरी हायवेवर बाबा एकटा पडलेला असेल, आणि कुणीतरी अनोळखी माणूस मला फोन करून सांगेल. तेवढं एक मला नकोय.” मी जिन्यावर होतो. तसाच दोन पायऱ्या मागे गेलो आणि मुद्दाम खोकत खाली उतरलो. कान चांगले असले की माणसाला खोकायला फार लागतं.

तिच्याकडे मला काय कमी आहे, सांग? खोलीला खिडकी आहे, जावई भला आहे. त्यांच्या डिशवॉशरमध्ये वाट्या कुठल्या बाजूला तोंड करून ठेवायच्या, याचा काहीतरी नियम आहे, तो मला अजून कळलेला नाही, एवढंच. पण त्या खोलीत मी मुक्ताचा बाबा आहे. या टेबलाशी बसलो की अजून तुझा नवरा असतो. हे तिला कसं सांगायचं? म्हणून पैज घेतली.

आपण हा ट्रेलर घेतला तेव्हा मंडळातले लोक काय बोलले होते, विसरली नसशील. गणपतीच्या जेवणात पंगत बसल्यावर कुलकर्णी म्हणाले, “काय हो, गॅरेज विकलंत, घर भाड्याने दिलंत. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर!” आणि तू पुरण वाढता वाढता म्हणालीस, “भाऊजी, विंचवाच्या बिऱ्हाडात मिक्सर असतो का? आमच्याकडे आहे.” सगळी पंगत हसली. कुलकर्ण्यांना तू पुरणपोळी मात्र जास्तीची वाढलीस.

आणि पहिल्यांदा जोडायला शिकलो तो दिवस? ट्रेलर विकणाऱ्याने समजावून सांगितलं. पिकअपच्या मागच्या हौद्यात एक जाडजूड लोखंडी पाट, त्याला जबडा. ट्रेलरच्या पुढच्या नाकाखाली तसाच एक पाट, आणि त्यातून खाली आलेली मनगटाएवढी जाड खुंटी. गाडी रिव्हर्समध्ये अशी आणायची की खुंटी बरोबर जबड्यात शिरली पाहिजे. खुंटी शिरली की जबडा आपोआप मिटतो. तू सगळं ऐकून घेतलंस आणि विचारलंस, “याला पाचवं चाक म्हणतात, तर चाक कुठंय?” त्याला हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

मी स्टिअरिंगवर, तू मागे. पहिल्या आठवड्यात आपण एकमेकांशी जेवढं कडाकडा बोललो तेवढं लग्नानंतर कधी बोललो नव्हतो. तू डावीकडे म्हणायचीस, मी विचारायचो तुझ्या का माझ्या? मग तू तुझी भाषा काढलीस. उजवीकडे म्हणजे “जेवायच्या हाताला”. अंतराला परात, ताट, वाटी, पुरी. “परातभर मागे या. आता ताटभर. हां, वाटी... पुरी... बस.” शेजारच्या ट्रेलरमधला मोंटानाचा म्हातारा खुर्ची टाकून ऐकत बसायचा. एकदा मला म्हणाला, तुझी बायको मंत्र म्हणते आणि ट्रक थांबतो, मलाही शिकव. मी त्याला म्हटलं, आधी पोळ्या करायला शीक.

खरं सांगू? मी आरशात बघतच नव्हतो. तुझ्या आवाजावर यायचो. वाटीपाशी तुझा आवाज खाली यायचा आणि पुरीपाशी अगदी बारीक व्हायचा. बाकीचं पाय आपोआप करायचा.

आणि तुझा तो हट्ट. जबडा मिटला, त्याच्या दांड्याची मूठ आत गेली, की मी म्हणायचो चला. तू म्हणायचीस, “थांबा. आधी ओढून बघा, मग पाय उचला.” म्हणजे ट्रेलरच्या चाकांना ठोकळे तसेच ठेवायचे, पुढचे दोन लोखंडी पाय जमिनीवर टेकलेलेच ठेवायचे, आणि गाडी हलकेच पुढे ओढून बघायची. मी कुरकुर करायचो. तू म्हणायचीस, गळ्यातल्याचा हूक लावला की मी एकदा ओढून बघते, तेव्हा तुम्ही नाही कुरकुरत.

तर काल. मुक्ता छत्री घेऊन हाताची घडी घालून उभी राहिली. ठरल्याप्रमाणे गप्प. मी हौद्याचं मागचं फळकूट खाली पाडलं, ठोकळे तपासले, आणि मागे येऊ लागलो. दोनदा चुकलो, उतरून बघितलं, पुन्हा बसलो. तिसऱ्यांदा खुंटी सरळ रेषेत आली. मी येत राहिलो. आणि मग लक्षात आलं, की मी “बस” ऐकायची वाट बघतोय.

तेवढ्यात लोखंडावर लोखंड वाजलं, जबडा मिटला. आवाज आला खरा, पण शैला, तो नेहमीचा नव्हता. नेहमी कसा, घराच्या जुन्या दाराचा अडसर पडल्यासारखा भरीव येतो. हा पातळ होता. गिऱ्हाइकाची गाडी असती तर मी तिथल्या तिथे म्हटलं असतं, साहेब, गाडी सोडून जा, काहीतरी आहे. पण पोरगी बघत होती. मी खिडकीतून अंगठा दाखवला. “झालं,” म्हटलं.

उतरलो, ट्रेलरचे पाय उचलायच्या बटणाकडे हात गेलाही होता. मग तुझा हट्ट आठवला म्हणून म्हण, का सवयीने म्हण, परत गाडीत बसून आधी ओढून बघितलं.

पिकअप पुढे गेली. ट्रेलर जागेवरच राहिला.

खुंटी जबड्यात बसलीच नव्हती. वरच्या वर, टोकावर अडकली होती, आणि ओढल्याबरोबर सुटली. पाय उचलले असते तर सगळं नाक हौद्याच्या कडांवर कोसळलं असतं. आणि तसाच हायवेला लागलो असतो तर? ते मी तुला सांगत नाही, कल्पना कर आणि विसर.

मी इंजिन बंद केलं. उतरलो. किल्ली मुक्तासमोर धरली. “हरलो. विकून टाक.” गॅरेजमध्ये कधी शब्द फिरवला नाही, घरात कसा फिरवणार?

तिने किल्ली घेतली. छत्री बाजूला ठेवून, चिखलात एक गुडघा टेकून ती हौद्याच्या खालून वर बघू लागली. मग म्हणाली, “बाबा, इकडे ये. खाली वाक. हे तू कधी बघितलंयस?”

वाकलो. तुला खोटं कशाला सांगू, मी ते कधीच बघितलं नव्हतं. इतके दिवस आपण फिरलो, इतक्या वेळा जोडलं आणि सोडलं, पण मी नेहमी स्टिअरिंगवर. मागे उभं राहून असं वाकलं तरच कळतं की ट्रेलरचं नाक किती खाली हवं. ट्रेलरचा पाट गाडीच्या पाटापेक्षा जरासा खालीच असला पाहिजे, म्हणजे गाडी त्याला उचलत आत घेते आणि मधे फट राहत नाही. काल दोन बोटं फट होती. तू दर वेळी मला म्हणायचीस, “जरा खाली घ्या,” आणि मी उतरून बटण दाबायचो. मला वाटायचं, बायकांना भिंतीवरची तसबीर कधी सरळ दिसत नाही, तसलं काहीतरी. तू वाकून उंची बघतेस हे मला कधी सांगितलं का नाहीस? का सांगितलंस आणि मीच इंजिनाचा आवाज ऐकत बसलो?

मुक्ता उठली, गुडघा झटकला. “तू मागे उभा राहा. मी चालवते.”

“तुला रिव्हर्स येतो एवढ्या गाडीचा?”

“नाही. म्हणून तर तू उभा राहतोयस.”

मग मी तुझ्या जागेवर उभा राहिलो, शैला. तिथे उभं राहायला किती धीर लागतो गं. एवढं मोठं धूड आपल्या अंगावर मागे मागे येतंय, आणि आपण त्याला अजून ये, अजून ये म्हणायचं. आणि तुझा आवाज तर कधी हलला नाही. माझा हलला. मी “लेफ्ट, लेफ्ट, अगं तुझा नव्हे, माझा” असं काहीतरी ओरडलो. मग तुझी भाषा करून बघितली. “पुरीएवढं ये!”

मुक्ताने ब्रेक मारला, खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “कोणती पुरी, बाबा? आईची का श्रीखंडाबरोबर हॉटेलवाले देतात ती?”

आम्ही दोघं हसलो. तू गेल्यावर पहिल्यांदाच, एकाच वेळी. हसता हसता तिला रडू आलं, मला नाही आलं. मला नंतर आलं.

मी बटण दाबून नाक खाली घेतलं, वाकून बघितलं, आणखी थोडं घेतलं. ती इंच इंच आली. यावेळी आवाज बरोबर आला. तरी मी वाकून फट बघितली, तिने उतरून बघितली. मग ओढून बघितलं. पिकअप सुटली नाही, ट्रेलरने तिला घट्ट धरून ठेवलं. नंतर पाय उचलले.

मी म्हटलं, “छान झालं. आता फोटो काढ आणि जाहिरात टाक. डील म्हणजे डील.”

“डील मी जिंकले ना? मग ठरवणार मी.” किल्ली तिने स्वतःच्या जाकिटाच्या खिशात टाकली आणि चेन लावली. “विकायचा नाही. पण एकट्याने जायचं नाही. शुक्रवारी मी सुट्टी टाकलीय. पलूसपर्यंत मी येते. पुढचं पुढे बघू.”

“आणि तू परत आलीस की?”

“की तूही परत येशील. मग पुन्हा कधीतरी जाऊ. का तुला कायमचं पळून जायचं होतं?”

या प्रश्नाला मी उत्तर दिलं नाही. तुला देतो. हो, बहुतेक तसंच होतं. तू जिथे जिथे मागे उभी राहिली होतीस त्या सगळ्या जागा एकट्याने फिरून बघायच्या, आणि कुणाला तोंड दाखवायचं नाही, असं काहीसं डोक्यात होतं. जिन्यावर पोरीचं बोलणं ऐकूनसुद्धा मी ते सोडलं नव्हतं. कान चांगले आहेत माझे, पण ऐकतो मी माझ्या सोयीचं. तूच हे म्हणायचीस ना? म्हणायचीस, आणि मी रेडिओ मोठा करायचो.

शैला, एक शब्द देतो. दुसरं माणूस वाकून बघत नाही तोवर मी “झालं” म्हणणार नाही. आणि असं माणूस ज्या दिवशी बरोबर नसेल, त्या दिवशी निघणार नाही.

तुझा,
वसंत