मामाचं चित्र आणि माझी आवराआवर

तीर्थरूप ताईस,

कंबर अजून थोडीफार वाकते आहे, तोवरच साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा आणि दाजींचा खोकला कसा आहे? माझं विचारू नकोस. ट्रंकेवर झोपणाऱ्या माणसाची तब्येत जशी असायची तशीच आहे. (पलंग आहे. पण पलंगावर एक उघडी छत्री आहे, आणि ती मामाच्या पुढच्या चित्रासाठी ‘बसली’ आहे. तिला उठवायचं नाही.)

“जा, मामाला घेऊन ये, दोन दिवसांचं तर काम,” म्हणून तू मला गाडीत बसवलंस. शिडीवरून पडल्यापासून त्याने एकटं राहू नये हे डॉक्टरांचं म्हणणं मला मान्य. तू त्याच्यासाठी खोली रंगवून घेतलीस, तेही झकास. पण आपला मामा चित्रकार आहे म्हणजे नक्की काय आहे, याची तुला काडीची कल्पना नाही. हे गाव इतकं शांत, की सायकलची घंटा वाजली तरी लोक खिडकीत येतात. अशा ठिकाणी कुणीही डोकं ठिकाणावर ठेवून जगला असता. मामाने मात्र स्वतःच्याच पुढच्या खोलीचं भिंतीएवढं चित्र काढायला घेतलंय, आणि ते पुरं होईपर्यंत खोलीतली काडीही हलवायची नाही. खुर्चीवर टाकलेला टॉवेल, अर्धवट उघडा ड्रॉवर, कधीकाळच्या चहाचा कप. (त्या कपात आता जे आहे त्याला मी चहा म्हणणार नाही.) मामा स्वतः अंग चोरून भिंतीच्या कडेने स्वयंपाकघरात जातो. दूधवाला मागच्या दाराने येतो.

“चित्र झालं की येतो,” असं त्याने पहिल्याच दिवशी कबूल केलं. काढायचा उरला होता फक्त तो कप. मी म्हटलं, सुटलो! दुसऱ्या दिवशी तो पांढरा रंग आणायला बाहेर पडला, आणि आपल्या आईचं वळण माझ्या हातात शिवशिवलं. मी टॉवेलची घडी घातली, ड्रॉवर लावला, कप घासून पालथा घातला आणि खोली लख्ख करून स्वतःवरच खूश होऊन बसलो. मामा आला, दारातच थांबला. ओरडला नाही गं. “कप धुतलास,” एवढंच म्हणाला. त्यापेक्षा कानाखाली दिली असती तर बरं वाटलं असतं.

पण मग स्वारी एकदम खुशीत! चित्रातला टॉवेल, ड्रॉवर, सगळं खरवडून काढलं आणि मला म्हणाला, “गाढवा, मोडलंस ना? मग आता तूच बस तिथे.” तेव्हापासून मी खुर्चीत कप धरून बसलोय. नाक खाजवायचं तर परवानगी काढावी लागते. (हे पत्र तो जेवून आडवा झाल्यावर लिहितोय.) त्याच्या खुशीचं गुपित शेजारच्या शिंपीणबाईंनी कुंपणावरून सांगितलं. हे चित्र म्हणे आधीही पुरं झालंय, बऱ्याचदा. झालं, की मामा स्वतःच टेबल फिरवतो नाहीतर पडदा बदलतो, आणि पुन्हा सुरू. म्हणजे यायचा विचारच नाही! मी तावातावाने जाब विचारला. तो म्हणाला, “हे संपलं की मी काय करू, तेवढं सांग. तिकडच्या रंगवलेल्या खोलीत काय काढू?” मी पाय आपटत जाऊन पुन्हा कप धरून खुर्चीत बसलो.

तरी “या वेळी काहीही हलवणार नाही” असा शब्द त्याच्याकडून घेतलाय. चित्र झालं की उचलून आणावं लागलं तरी आणतो.

तुझा वैतागलेला,
धाकटा

ता. क. निळा शर्ट पाठव. चित्रात मी निळ्या शर्टात आहे आणि अंगावरचा धुवायला मिळत नाही.

ता. क. २. पत्र टाकायचं राहिलंच. आज चित्र झालं. हुबेहूब मी, मिशीसकट. मामाने ब्रश धुतले, पिशवी भरली, बूट घातले आणि गाडी कधीची ते विचारलं. मला बघवेना गं. तो पायरीवर जाऊन बसला, तेवढ्यात मी त्याच्या वस्तऱ्याने माझी मिशी उतरवली. आत येऊन त्याने माझ्याकडे पाहिलं, चित्राकडे पाहिलं. मग खाली बसून बूट काढायला लागला. डॉक्टरांना कळव, मामा एकटा राहत नाही. आणि माझी रजा वाढव. कारण काय द्यायचं ते तूच ठरव.