सोनारीच्या जत्रेत पाळणा माझा, चक्री पाशामियाँची

चैत्र वद्य चतुर्थी, निजामी फसली सन १३५१. सोनारी.
जत्रेत पाळणा उभा केला. जत्रेचे पंच हिंमतराव पाटील, त्यांनी समद्या खेळवाल्यांना बोलावून सांगितलं, ज्याचा खेळ चकाचक त्याला देवळासमोरची जागा, कायमची. म्हंजे मलाच. बारा सालं देवळामागं उकिरड्याशेजारी काढली. आता बास. रोज पहाटे झाडलोट, पाळण्याला रंग, गड्याला धुतलेला सदरा. ठरलं.

पंचमी.
पहाटे उठणारच होतो, कंबर धरली. गडी बब्रुवान म्हणतो, मी पाळणा फिरवायला हाय, झाडायला न्हाय. असला नोकर असल्यावर मालकानं काय करावं!
शेजारी पाशामियाँची लाकडी घोड्यांची चक्री आली. घोडे नवे रंगवलेले. त्याची बायको सायराबी उजाडायच्या आत झाडून पाणी शिंपडती. दोन्ही गडी पांढऱ्याफेक टोप्यांत. जत्रा हाय का लगीन?
पोटात दुखलं. खरंच दुखलं, ओवा खाल्ला.

षष्ठी.
रंग आणायला निघालो होतो. घोड्यांकडं बघत बसलो, दुकान बंद झालं.
माझ्या पाळण्यात केळाचं साल! पाशामियाँचंच काम. आमची धुरपदा म्हणाली, केळं तुमीच खाल्लं. बायकांना डावपेच कळत न्हाईत.
वर पाशामियाँच येऊन म्हणाला, अण्णाराव, रंग उरलाय, घ्या. न्हाई घेतला. लई जळतो लेकाचा माझ्यावर.

सप्तमी.
पाळणा कुरकुरत होता, म्हणून सढळ हातानं वंगण घातलं. पाटील बसून बघायला आले. धोतराला मागं काळा पट्टा. म्हणालो, मालक, ही देखभालीची खूण. ते धोतर झटकत तडक निघून गेले. खूश असावेत.
उद्या शेवटची तपासणी. उद्या झाडतो.

अष्टमी, पहाट.
उठलो! पण झाडू घेतला न्हाई. झाडणं गड्याचं काम, मालकानं डोकं चालवावं. चार शेर भाजक्या शेंगा चक्रीभोवती पसरून आलो. देवळावरची माकडं उतरणार, टरफलांचा खच करणार. हितं माकड म्हंजे भैरवनाथाची सेना, हाकलायची कुणाची छाती न्हाई. बस म्हणावं आता घोडे पुसत.

अष्टमी, दुपार.
माकडं आली, शंभर तरी. खच पडला. मी गालात हसतोय, तवर थोरलं माकड पांढऱ्या घोड्यावर जाऊन बसलं. झालं! नाथानं चक्रीला कौल दिला म्हणून गलका. घोड्यांना गुलाल, चक्रीपुढं ही रांग. आन् टरफलं? प्रसाद म्हणून लोकांनी पदरात, फेट्यात बांधून नेली. पाटील आले तवा जमिनीवर कचऱ्याची काडी न्हाई.
माझ्या पाळण्यात दिवसभर एक कुत्रं बसलं.

नवमी.
जागा पाशामियाँला. बब्रुवान बी तिकडंच गेला. तिथं झाडतो!
पाशामियाँनं बोलावून चहा पाजला. म्हणाला, शेंगा कुठून आल्या अल्लालाच ठाऊक. म्हणालो, नाथाची लीला. चहा गोड होता, त्याचाच राग आला.
पालात आलो. धुरपदानं पदराची गाठ सोडली. सात टरफलं. दोन तास रेटारेटीत उभं राहून मिळवली म्हणाली, कपाळाला लावा, आपलं बी भलं हुईल.
शेंगा परवा तिनंच भाजल्या होत्या. वळखल्या न्हाईत.
लावली.